पेपरमागे पैसा कोणाचा? पऱ्हाटी, हवामान आणि संशोधनातला विरोध

पेटची तयारी करणारी किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेली मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. "दादा, या पेपरला कंपनीचा पैसा आहे. रिव्ह्यूमध्ये घ्यायचा की सोडून द्यायचा?" हवामानबदलावर काम करायचं ठरवलेल्यांना तर हा प्रश्न जास्तच छळतो. तेल कंपन्यांनी पैसे देऊन शंका पेरल्या, हे त्यांनी कुठंतरी वाचलेलं असतं. आणि उलट बाजूनं, "सगळे शास्त्रज्ञ ग्रँटसाठीच तापमानवाढीची ओरड करतात" हा मेसेजही व्हॉट्सॲपवर येऊन गेलेला असतो.

याची दोन तयार उत्तरं बाजारात मिळतात. एक, कंपनीचा पैसा म्हणजे निष्कर्ष विकत घेतलेला. दुसरं, डेटा तो डेटा, पैसा कोणाचा का असेना. दोन्ही सोपी आहेत आणि दोन्ही संशोधकाच्या कामाची नाहीत. माझं म्हणणं असं की पैसा आकडा क्वचितच बदलतो. तो आकड्याच्या आधीच्या गोष्टी ठरवतो. प्रश्न कोणता विचारायचा, तुलना कशाशी करायची, कोणत्या हंगामातलं मोजमाप घ्यायचं आणि निकाल कधी बाहेर काढायचा, या त्या गोष्टी. आणि विरोध करणारा माणूस केवळ विरोधात उभा आहे म्हणून बरोबर ठरत नाही. त्यालाही हेच प्रश्न विचारावे लागतात.

हे समजून घ्यायला मी हवामानापासून सुरुवात करणार नाही, आपल्या वावरापासून करतो. हिवरखेड, तेल्हारा, अकोट या पट्ट्यातल्या मुलांना पऱ्हाटी शिकवावी लागत नाही. कंपनीचा पैसा, सरकारी संशोधन आणि दोन्हींना होणारा विरोध हे तिन्ही बीटी कपाशीत एकाच जागी सापडतात, आणि वीसेक वर्षांचा छापील पुरावाही हाताशी आहे. ही चौकट एकदा नीट बसली की हवामानाकडे वळणं सोपं जाईल.

८० टक्के आणि २४ टक्के

आधी थोडी पार्श्वभूमी. जालन्याची महिको ही बियाणे कंपनी १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी सुरू केली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या मोन्सँटोने तिच्यात २६ टक्के हिस्सा घेतला. २६ मार्च २००२ ला केंद्राच्या जीईएसी या समितीने महिकोच्या तीन बीटी हायब्रीडना परवानगी दिली : मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४. त्यांत क्राय१एसी हे जनुक होतं. ते झाडातच एक प्रथिन तयार करतं आणि ते खाऊन अमेरिकन बोंडअळी मरते.

पुढच्याच वर्षी, ७ फेब्रुवारी २००३ च्या 'सायन्स' या नियतकालिकात मतीन कैम आणि डेव्हिड झिल्बरमन यांचा पेपर आला. २००१ च्या हंगामातल्या चाचण्या, महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि तामिळनाडूतली १५७ शेतं. निष्कर्ष असा की बीटी हायब्रीडचं उत्पादन त्याच हायब्रीडच्या बिगरबीटी रूपापेक्षा सरासरी ८० टक्के जास्त. हा आकडा जगभर गाजला. विकसनशील देशांना जीएम पिकं का हवीत, याचा दाखला म्हणून तो वर्षानुवर्षं दिला गेला.

आता नीट बघा. पेपरचे लेखक विद्यापीठातले होते, कंपनीचे नोकर नव्हते. पण डेटा ज्या प्लॉटमधून आला, त्या चाचण्या महिकोने परवानगीच्या प्रक्रियेत घेतलेल्या होत्या. म्हणजे कंपनीचा पैसा पेपरच्या आभाराच्या ओळीत नसून जमिनीत होता. फंडिंगची ओळ वाचून समाधान मानणाऱ्यांना ही गोष्ट दिसतच नाही.

दुसरं, २००१ हे बोंडअळीचा जोर जास्त असलेलं वर्ष होतं. हे पेपरमध्येच लिहिलेलं आहे, काही लपवलेलं नाही. ज्या वर्षी अळी जास्त, त्या वर्षी अळीविरोधी बियाण्याचा फायदा जास्त दिसणार, हे सांगायला पीएचडी लागत नाही. तिसरं, तुलना हायब्रीडची हायब्रीडशी होती. त्याच हायब्रीडचं बिगरबीटी रूप आणि त्या भागात चालणारं दुसरं हायब्रीड. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने काढलेली एकेए मालिकेतली देशी सरळ वाणं त्या तुलनेत नव्हती.

'करंट सायन्स'मध्ये त्याच वर्षी भारतीय शास्त्रज्ञांनी यावर टीका केली. टीकेचा रोख हाच होता की एका हंगामाच्या आणि कंपनीच्या चाचण्यांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढता येत नाही.

आता पुढचा भाग. २०१२ मध्ये याच कैम यांनी योनास काठागे यांच्यासोबत 'पीएनएएस'मध्ये दुसरा पेपर लिहिला. या वेळी चाचणीचे प्लॉट नव्हते. २००२ ते २००८ या काळात त्याच त्या शेतकरी कुटुंबांकडे पुन्हा पुन्हा जाऊन केलेलं सर्वेक्षण होतं. कोणता शेतकरी मुळातच हुशार, कोणाची जमीन चांगली, हे फरक गणितातून वेगळे काढण्याचा प्रयत्न होता. निष्कर्ष : बीटीमुळे एकरी उत्पादनात २४ टक्के वाढ आणि नफ्यात ५० टक्के वाढ.

८० आणि २४. दोन्ही आकडे एकाच संशोधकाच्या नावावर. दोन्ही खोटे नाहीत, कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. पहिला प्रश्न, "अळीच्या वर्षात, चाचणीच्या प्लॉटमध्ये किती फरक पडतो?" दुसरा, "सामान्य शेतकऱ्याच्या वावरात, अनेक वर्षांत किती फरक पडतो?" धोरण ठरवायला आणि बापाला कोणती बॅग आणायची ते सांगायला दुसरा प्रश्न कामाचा. पण गाजला पहिला.

म्हणून कंपनीच्या चाचण्यांमधून आलेला आकडा हातात आला, की "हा खोटा आहे का?" असं विचारू नका. "हे कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे?" असं विचारा.

पैसा नेमका कुठं काम करतो

याचा चांगला अभ्यास औषधांच्या क्षेत्रात झाला आहे. जोएल लेक्सचिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये 'बीएमजे'मध्ये अनेक जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. औषध कंपनीने पैसा दिलेल्या अभ्यासात कंपनीला अनुकूल निष्कर्ष निघण्याचं प्रमाण, ऑड्सच्या भाषेत, इतर अभ्यासांच्या सुमारे चारपट निघालं. पण मजा पुढं आहे. कंपनीच्या पैशातल्या अभ्यासांची पद्धत काही कच्ची नव्हती. प्रयोग नीट आखलेले, मोजमाप नीट घेतलेलं. मग फरक कुठून आला? लेखकांनी दोन मुख्य शक्यता मांडल्या. एक, तुलनेसाठी निवडलेलं औषध किंवा त्याचा डोस योग्य नव्हता. दुसरी, प्रतिकूल निकाल छापलेच गेले नाहीत.

म्हणजे वह्या तपासल्या तर सगळं ठीक दिसेल. गोम वहीच्या बाहेर आहे. कपाशीच्या उदाहरणात आपण तेच पाहिलं.

याहून खोल जाणारी गोष्ट म्हणजे न विचारलेला प्रश्न. विदर्भातली कपाशी बहुतेक कोरडवाहू. पाऊस उशिरा आला, मध्येच ताण पडला किंवा लवकर संपला की लांब मुदतीच्या हायब्रीडची बोंडं भरायच्या काळात जमिनीत ओल उरत नाही. कमी मुदतीचं सरळ वाण दाट पेरलं तर काय होईल, हा प्रश्न इथल्या हवामानासाठी अगदी मुद्द्याचा आहे. जगातले बहुतेक कापूस पिकवणारे देश सरळ वाणंच लावतात. पण सरळ वाणाचं बियाणं शेतकरी घरी ठेवू शकतो. हायब्रीडचं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. मग सरळ वाणाच्या संशोधनात कोणती कंपनी पैसा घालेल? इथं कोणी कट केलेला नाही आणि कोणी डेटा बदललेला नाही. फक्त एका प्रश्नाला पैसा मिळाला आणि दुसऱ्याला कमी मिळाला.

सरकारी पैसा म्हणजे सोवळा नव्हे

इथं काही जण लगेच म्हणतील, मग संशोधन सगळं सरकारी पैशावरच व्हावं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं, म्हणजे सीआयसीआरचं उदाहरण दोन्ही बाजूंनी बघण्यासारखं आहे.

२००५ मध्ये केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये एक पेपर छापला. बाजारात विकल्या जाणाऱ्या आठ बीटी हायब्रीडमध्ये क्राय१एसी प्रथिन झाडाच्या कोणत्या भागात, कोणत्या दिवशी किती असतं, ते त्यांनी मोजलं. पानांत सर्वांत जास्त. फुलातल्या बीजकोशात आणि हिरव्या बोंडाच्या सालीत सर्वांत कमी. आणि झाडाचं वय वाढेल तसं प्रमाण घसरत जातं. पेरणीनंतर सुमारे ११० दिवसांनी ते अळी मारायला लागणाऱ्या पातळीच्या खाली जातं. बोंडअळी खाते काय? बोंड. आणि शेवटच्या दिवसांत बोंडं झाडावरच असतात.

हा खरा वैज्ञानिक विरोध. यात घोषणा नाही, कंपनीला शिवी नाही. विकल्या गेलेल्या बियाण्याचंच मोजमाप आहे आणि दुसऱ्या कुणालाही ते पुन्हा करून बघता येईल. पगार आणि प्रयोगशाळा सरकारी असल्यामुळे हा प्रश्न विचारणं शक्य झालं, हे मान्य करायला हवं.

पण त्याच व्यवस्थेची दुसरी बाजू बिकानेरी नरमा बीटीची. सीआयसीआर आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठाने मिळून हे सरकारी बीटी सरळ वाण तयार केलं होतं. शेतकऱ्याला बियाणं घरी ठेवता येईल, हे त्याचं मोठं आकर्षण. २००९ मध्ये ते शेतकऱ्यांपर्यंत आलं आणि लगेच थांबवावं लागलं. त्यात मोन्सँटोच्या बियाण्यातला जनुकाचा अंश आढळल्याचा मुद्दा निघाला. सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल २०१२ मध्ये आला आणि त्यानं भेसळीला दुजोरा दिला. खासगी कंपनीला पर्याय उभा करायचा, हा हेतू चांगलाच होता. पण हेतू चांगला म्हणून तपासणी सैल चालत नाही. सरकारी संस्थांवरही दबाव असतोच, फक्त तो नफ्याचा नसून घोषणेच्या तारखेचा आणि श्रेयाचा असतो.

हेतू संशयास्पद, निष्कर्ष खरा

मार्च २०१० मध्ये मोन्सँटोने स्वतःच जाहीर केलं की गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळीत क्राय१एसीविरुद्ध प्रतिकारशक्ती आली आहे. कंपनी आपल्याच मालाचं अपयश सांगते, हे लोकांना पटेना. कारण तोवर बोलगार्ड-२ हे दोन जनुकांचं नवं बियाणं २००६ पासून बाजारात आलेलं होतं. "जुनं बाद ठरवून नवं खपवायचं आहे," ही शंका तेव्हा अनेकांनी बोलून दाखवली.

शंका रास्त होती. पण गुलाबी बोंडअळीने कोणाच्या शंकेची वाट पाहिली नाही. काही वर्षांत ती बोलगार्ड-२ लाही पचवू लागली. २०१७ च्या हंगामात यवतमाळ, अकोला, बुलडाणा सगळीकडं बोंडं उकलली तर आत अळी. डिसेंबर २०१७ मध्ये सरकारला मदत जाहीर करावी लागली. सीआयसीआरच्या शास्त्रज्ञांचा बोलगार्ड-२ विरुद्धच्या प्रतिकारशक्तीवरचा पेपर २०१८ मध्ये आला.

यातून शिकण्यासारखं हे की, सांगणाऱ्याचा हेतू हा तपासणी कडक करण्याचं कारण आहे, तपासणी टाळण्याचं नाही. "कंपनी म्हणते ना, मग खोटंच असणार" असं म्हणून २०१० चा इशारा बाजूला ठेवणं आणि "कंपनी म्हणते ना, मग खरंच असणार" असं म्हणून ८० टक्के डोक्यावर घेणं, या दोन्हींत आळस सारखाच आहे.

विरोध एकाच बाजूनं येत नाही

आपल्याकडं "विरोध" म्हटलं की कंपनीविरोधी माणूस डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात चित्र गुंतागुंतीचं आहे.

आंध्रात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीसाठी अब्दुल कय्यूम आणि किरण साखरी यांनी वरंगल जिल्ह्यात सुरुवातीच्या हंगामांत अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष बीटीच्या विरोधात गेला. कंपनीच्या आकड्यांना तो महत्त्वाचा उतारा होता. पण ही संस्था जीएम पिकांच्या विरोधात भूमिका घेतलेली होती, हेही लक्षात ठेवावं लागतं. मग त्यांनाही तेच प्रश्न. शेतं कशी निवडली? हंगाम कोणता? तुलना कशाशी? जो नियम महिकोला, तोच डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीला.

आणि आपल्या भागातलाच दाखला घ्या. १० जून २०१९ ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथं शेतकरी संघटनेच्या पुढाकारानं शेकडो शेतकरी जमले आणि परवानगी नसलेलं एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सहन करणारं कपाशीचं बियाणं त्यांनी उघडपणे पेरलं. पोलिसांत गुन्हे दाखल झाले. हाही विरोधच. पण तो कंपनीविरुद्ध नव्हता, सरकारच्या बंदीविरुद्ध होता. निंदणाला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, आम्हाला तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य द्या, ही मागणी. त्यांचं म्हणणं कुणाला पटो न पटो, "हे कंपनीने पाठवलेले लोक" असं म्हणून ते उडवता येत नाही. निंदणाचा खर्च खरा आहे. त्याच वेळी या बियाण्याचे परिणाम काय, हा प्रश्न सत्याग्रहानं सुटत नाही. त्याला मोजमापच लागतं.

कपाशीच्या वादाचा अलीकडचा मोठा टप्पा म्हणजे मार्च २०२० चा 'नेचर प्लांट्स'मधला क्रांती आणि ग्लेन डेव्हिस स्टोन यांचा पेपर. सुमारे वीस वर्षांचे देशपातळीवरचे आकडे घेऊन त्यांनी मांडलं की उत्पादकतेतली मोठी उडी बीटीखालचं क्षेत्र अजून कमी असतानाच आली होती. वाढीचा मेळ खतं, सिंचन आणि नव्या कीटकनाशकांशी जास्त बसतो. आणि आता शेतकऱ्याचा कीटकनाशकांवरचा खर्च बीटी येण्याआधीपेक्षाही जास्त आहे. यावर प्रत्युत्तरंही आली. देशाच्या सरासरीवरून एका बियाण्याचा परिणाम वेगळा काढता येत नाही, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं. वाद अजून मिटलेला नाही. पण वाद कशावर आहे बघा : पद्धतीवर, आकड्यांवर, कारणमीमांसेवर. निरोगी वाद असाच असतो.

आता हवामानाकडे

हीच चौकट घेऊन हवामानाच्या गाजलेल्या चार गोष्टी बघू.

पहिली एक्सॉनची. जेफ्री सुप्रान, स्टेफान राह्मस्टॉर्फ आणि नेओमी ओरेस्केस यांनी जानेवारी २०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये एक अभ्यास छापला. एक्सॉन आणि नंतरच्या एक्सॉनमोबिलच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७७ ते २००३ या काळात तापमानवाढीचे जे अंदाज केले होते, ते त्यांनी प्रत्यक्ष तापमानाशी ताडून पाहिले. मोजपट्टी कोणती लावली त्यानुसार त्यांतले ६३ ते ८३ टक्के अंदाज अचूक निघाले. म्हणजे कंपनीच्या पैशातलं विज्ञान उत्तम होतं! पण त्याच काळात कंपनी जाहिरातींमधून हे विज्ञान अनिश्चित असल्याचं लोकांना सांगत होती. आकडा शाबूत होता. तो बाहेर कसा आणि कोणाला सांगायचा, इथं पैशानं काम केलं.

दुसरी विली सून यांची. हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रातले हे संशोधक तापमानवाढीचं मुख्य कारण सूर्य असल्याचं मांडत. फेब्रुवारी २०१५ मध्ये बाहेर आलेल्या कागदपत्रांतून दिसलं की त्यांना सुमारे दशकभरात जीवाश्म इंधन उद्योगाकडून १२ लाख डॉलरहून जास्त पैसा मिळाला होता आणि अनेक पेपरांत तो जाहीर केलेला नव्हता. देणाऱ्यांशी झालेल्या पत्रव्यवहारात पेपरांचा उल्लेख कंत्राटात ठरलेला माल पोचवावा तसा होता. पैशाचा आपल्या संशोधनावर परिणाम झाला नाही, असं सून यांचं म्हणणं. इथं एक बारकावा सोडू नका. त्यांचा सिद्धांत चुकीचा ठरतो तो पैशामुळे नाही. गेल्या काही दशकांत सूर्याच्या तेजात तापमानवाढीशी जुळणारी वाढ मोजमापात दिसत नाही, म्हणून तो चुकीचा ठरतो. पैसा लपवला हा वेगळा दोष आहे. तो विश्वासाचा दोष.

तिसरी रिचर्ड मुलर यांची, आणि ही मला सगळ्यात आवडते. बर्कलेचे हे भौतिकशास्त्रज्ञ तापमानाच्या नोंदींवर शंका घेणारे होते. शहरांच्या उष्णतेचा परिणाम, केंद्रांची निवड, डेटाची दुरुस्ती यांवर त्यांचे आक्षेप होते. ते तपासायला त्यांनी बर्कले अर्थ प्रकल्प उभा केला. त्याला पैसा देणाऱ्यांत तेल उद्योगातल्या चार्ल्स कोक यांचं प्रतिष्ठानही होतं, दीड लाख डॉलर. निकाल? २०१२ मध्ये मुलर यांनी जाहीर केलं की २५० वर्षांत जमिनीवरचं तापमान सुमारे दीड अंश सेल्सिअसनं वाढलं आहे आणि जवळपास सगळं कारण माणूस आहे. डेटा आणि पद्धत सगळ्यांसाठी खुली ठेवली. पैसा शंकेखोरांचा, प्रश्नही शंकेखोराचा, उत्तर मात्र डेटानं दिलं.

चौथी आपल्या हिमालयाची. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे, असं वाक्य होतं. ते एका पर्यावरण संस्थेच्या २००५ च्या अहवालावरून आलेलं होतं, तपासलेल्या पेपरवरून नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले निवृत्त अधिकारी व्ही. के. रैना यांची टिपणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं प्रसिद्ध केली आणि हिमनद्यांच्या वेगानं वितळण्याच्या दाव्यावर प्रश्न उभे राहिले. आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी ती टिपणी कडक शब्दांत झिडकारली. पण जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीला २०३५ चा दावा चुकीचा असल्याचं मान्य करावं लागलं. याचा अर्थ हिमनद्या आक्रसत नाहीत असा होत नाही, त्या आक्रसत आहेतच. अर्थ एवढाच की बहुमताच्या बाजूलाही तपासणी चुकते आणि मोजमाप घेऊन आलेला विरोध ती दुरुस्त करतो.

मग खरा विरोध ओळखायचा कसा?

वरच्या सगळ्या गोष्टी शेजारी ठेवल्या तर काही खुणा दिसतात. खरा विरोध नेमका दावा करतो, "११० दिवसांनी प्रमाण घसरतं" असा. तो डेटा दाखवतो. आणि उत्तर आपल्या विरोधात गेलं तर ते मान्य करतो, मुलर यांच्यासारखं. विकतचा विरोध बहुतेक वेळा दावा करतच नाही, "अजून नक्की नाही, आणखी संशोधन हवं" एवढंच म्हणत राहतो. त्याला उत्तर नको असतं, वेळ हवा असतो.

"आणखी संशोधन हवं" हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या प्रबंधात शेवटी येतंच. तेव्हा जपून. कोणतं संशोधन, आणि कोणता निकाल आला तर तुम्ही मत बदलाल, हे सोबत लिहिलं नाही तर त्या वाक्याला काही किंमत नाही.

तुमच्या कामात हे कुठं येणार

हा प्रश्न पुढच्या पिढीला जास्त येणार आहे. भारताचा संशोधनावरचा खर्च २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ०.६४ टक्के होता. २०२३ मध्ये अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा झाला. त्यात पाच वर्षांसाठी धरलेल्या ५० हजार कोटींपैकी सुमारे ३६ हजार कोटी सरकारबाहेरून, म्हणजे मुख्यतः उद्योगांकडून अपेक्षित होते. २०१९ पासून कंपन्यांना सीएसआरचा पैसा सरकारी विद्यापीठांच्या आणि प्रयोगशाळांच्या संशोधनाला देता येतो. म्हणजे "मी कंपनीचा पैसा घेणारच नाही" हे म्हणायला सोपं आहे, पण तुमच्या लॅबचं यंत्र कोणत्या पैशातून आलं, हे तुमच्या हातात नसेल. हातात जे आहे ते असं.

१. करार वाचा. फेलोशिप किंवा प्रोजेक्ट घेताना गाईडला सरळ विचारा, निकाल छापण्याआधी देणाऱ्याची परवानगी लागते का? "आधी दाखवायचं" आणि "परवानगी घ्यायची" यांत मोठा फरक आहे. पहिलं चालतं, दुसऱ्यात तुमचा प्रबंध अडकू शकतो.

२. तुलना आधी ठरवा आणि आधी लिहा. सिनॉप्सिसमध्येच कंट्रोल कोणता, हंगाम किती, कोणती गोष्ट मोजणार हे नोंदवा. निकाल बघून तुलना निवडायचा मोह सगळ्यांना होतो, त्याला पैसा लागत नाही.

३. पैशाचा उल्लेख सविस्तर करा. नुसतं "अमुकचे आभार" नको. बियाणं कोणी दिलं, प्लॉट कोणाचा, डेटा कोणी गोळा केला, विश्लेषण कोणी केलं, हे वेगवेगळं लिहा.

४. प्रतिकूल निकाल फेकू नका. फरक आढळला नाही हाही निकाल आहे. जर्नल घेत नसेल तर प्रबंधात एक प्रकरण द्या, तिथून तो कोणी काढू शकत नाही.

५. रिव्ह्यू लिहिताना पेपर वगळू नका, वर्गवारी करा. प्रत्येक पेपरपुढं चार रकाने : पैसा कोणाचा, डेटा कोणाच्या प्लॉटमधला किंवा केंद्रावरचा, तुलना कशाशी, हंगाम किंवा कालावधी कोणता.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर या पाचव्या मुद्द्यात आहे. कंपनीचा पेपर घ्यायचा, कंपनीच्या विरोधकांचाही घ्यायचा आणि दोघांपुढं हेच चार रकाने भरायचे. उद्याच तुमच्या यादीतले दहा पेपर काढा आणि भरून बघा. पहिला रकाना बहुतेक सगळ्यांत भरता येतो, कारण जर्नल ती ओळ मागतंच. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यासाठी पेपरचा पद्धतीचा भाग पुन्हा वाचावा लागेल. कुठं कुठं पुरवणी फाइल उघडावी लागेल, कुठं लेखकाला मेल करावा लागेल. जिथं मेल करूनही उत्तर येत नाही, तो रकाना रिकामाच ठेवा आणि रिकामा का राहिला ते रिव्ह्यूमध्ये लिहा.